विंडोज ११चे अडगळीतले शॉर्टकट: कोणते ठेवावे, कोणते सोडावे

विंडोज ११मधले विंडो सांभाळण्याचे कितीतरी शॉर्टकट नुसत्या यादीत वाचले, तर हे कुणासाठी केले असावेत असाच प्रश्न पडतो. त्यातला सगळ्यात मोलाचा म्हणजे चालू विंडोचा छोटा मेनू उघडणारा अल्ट + स्पेस.

लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉनिटर काढला, की एखादा प्रोग्रॅम टास्कबारवर चालू दिसतो, पण स्क्रीनवर कुठेच सापडत नाही. काही प्रोग्रॅम विंडोची शेवटची जागा लिहून ठेवतात आणि ती आता स्क्रीनच्या आत आहे की नाही, हे न तपासताच तिथे उघडतात. माउस तिथवर पोचत नाही. अल्ट + टॅबने ती विंडो निवडा, अल्ट + स्पेस दाबा, मग मेनूतल्या ‘मूव्ह’साठी एम. आता कोणताही एक ॲरो एकदा दाबा आणि माउस हलवा. विंडो पॉइंटरला चिकटून समोर येते, क्लिक केलं की सुटते. बहुतेकांचं अडतं ते मधला ॲरो राहून गेल्यामुळे. विंडो मॅक्सिमाइझ असेल तर मेनूतलं ‘मूव्ह’ फिकट दिसतं. आधी आर दाबून रिस्टोर करा.

हा मेनू नेहमी उघडेलच असं नाही. पॉवरटॉइज रन (प्रोग्रॅम शोधून उघडणारं मायक्रोसॉफ्टचंच वेगळं साधन) चालू असेल तर अल्ट + स्पेस मुळात त्याच्याकडे जातं. त्याच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट बदलावा लागतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही कीबोर्ड ठेवणाऱ्यांचं बोट शेजारच्या विंडोज की वर पडलं तर मेनूऐवजी भाषाच बदलते. मेनू उघडलाच नाही तर टास्कबारवरच्या आयकॉनवर पॉइंटर ठेवा आणि वर येणाऱ्या छोट्या चित्रावर राइट क्लिक करा. ‘मूव्ह’ तिथेही मिळतं.

दोन मॉनिटर जोडलेले असतानाच विंडो इकडची तिकडे न्यायची असेल, तर एवढा खटाटोप नको: विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा ॲरो.

एक्सेलच्या चारपाच फाइल उघड्या ठेवून काम करणाऱ्यांनी विंडोज + कंट्रोल + आकडा जरूर शिकावा. आकडा म्हणजे टास्कबारवर डावीकडून त्या आयकॉनचा क्रमांक. थेट त्या प्रोग्रॅमची शेवटची वापरलेली विंडो पुढे येते. विंडोज आणि कंट्रोल धरून आकडा पुन्हापुन्हा दाबला तर एकेक फाइल समोर येत जाते. अल्ट + टॅबच्या गर्दीत शोधण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत आहे. मात्र आयकॉन पिन करून जागा पक्की करा, नाहीतर क्रमांक बदलत राहतो.

विंडोज + शिफ्ट + वरचा ॲरो विंडोची रुंदी तशीच ठेवून उंची स्क्रीनभर ताणतो. लांबलचक मजकूर वाचताना उपयोगी. विंडोज + होम चालू विंडो सोडून बाकीच्या मिनिमाइझ करतं. पुन्हा दाबलं की परत आणतं.

सगळ्या विंडो मिनिमाइझ करणारा विंडोज + एम मात्र आता शिकू नये. मिनिमाइझची सोय नसलेले डायलॉग त्याने तसेच राहतात आणि परत आणायला वेगळा विंडोज + शिफ्ट + एम लागतो. विंडोज + डी दोन्ही कामं एकट्याने करतं.

खरी उणीव आहे ती व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटूनपालटून वापरायच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपमध्ये. विंडोज + कंट्रोल + डी नवा डेस्कटॉप उघडतो, विंडोज + कंट्रोल + डाव्या किंवा उजव्या ॲरोने ये-जा होते, पण चालू विंडो एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर नेणारा शॉर्टकटच दिलेला नाही. त्यासाठी विंडोज + टॅब दाबून ती माउसने ओढावी लागते.