बासष्ट हजारांचे दरपत्रक

पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी सव्वीस वर्षे गेली. पावतीशिवाय एक रुपयाचा खर्चही मान्य न करणारी बाई, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा थोडा अभिमानही होता. अशा बाईने एका दरपत्रकातील पाच आकड्यांची बेरीज केली नाही आणि त्यापायी चौघांचे पैसे घालवले, हे लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहिते आहे, कारण ज्या पद्धतीने आम्हाला फसवले गेले ती पद्धत अजून चालू आहे.

मी, माझे पती, धाकटी बहीण आणि मेहुणे असे चौघे २०२४ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात इंडोनेशियाला जाणार होतो. बोरोबुदुर आणि प्रंबानन ही जावामधील देवस्थाने, पुढे ब्रोमो आणि इजेन हे ज्वालामुखी, मग समुद्र ओलांडून बाली, असा सहा रात्रींचा बेत होता. मोठ्या गटाबरोबर धावपळ नको, म्हणून स्वतंत्र गाडी आणि चालक घ्यायचे ठरले. विमानाची तिकिटे आणि व्हिसा आम्ही स्वतः काढले. बाकीच्यासाठी तिघांकडून दर मागवले. दोघांनी सव्वा लाखाच्या आसपास आकडा सांगितला. तिसऱ्याने चौघांचे मिळून ६२ हजार रुपये सांगितले आणि त्यात प्रवेश तिकिटे, खासगी जीप, जावाहून बालीला नेणारी फेरी बोट, बालीचा पर्यटक कर आणि दोन्ही वेळचे शाकाहारी जेवण, असे सगळे समाविष्ट असल्याचे लिहून पाठवले.

हे गृहस्थ मराठी होते. मूळचे सोलापूरकडचे, आता बालीत स्थायिक, असे ते सांगत. ‘ताई, परक्या देशात आपला माणूस असला की निम्मी काळजी मिटते,’ हे त्यांचे वाक्य मला त्या वेळी फार आवडले होते. ओळखीच्या एका कुटुंबाने त्यांचा नंबर दिला होता, पण ते कुटुंब स्वतः त्यांच्याबरोबर गेलेलेच नव्हते. त्यांनाही तो कोणीतरी पाठवला होता. ही चौकशी मी परत आल्यावर केली.

आता ती बेरीज. ही सगळी तिकिटे परदेशी पर्यटकांसाठी ठरलेल्या दराची आहेत, ते दर उघड असतात आणि त्यांत कोणाच्या ओळखीने सवलत मिळत नाही. त्या वेळी आपल्या एका रुपयाला इंडोनेशियाचे साधारण १८७ रुपिया मिळत. बोरोबुदुरच्या प्रत्यक्ष वास्तूवर चढण्याचे तिकीट माणशी ४,५५,००० रुपिया. प्रंबाननचे २५ डॉलर, म्हणजे सुमारे चार लाख. ब्रोमोच्या राष्ट्रीय उद्यानाचे कामकाजाच्या दिवशी २,२०,०००, इजेनचे १,००,०००, आणि बालीने १४ फेब्रुवारी २०२४ पासून लावलेला पर्यटक कर १,५०,०००. माणशी १३,२५,००० आणि चौघांचे ५३ लाख रुपिया, म्हणजे २८ हजार रुपयांच्या वर. ६२ मधून २८ गेले, ३४ उरले. सहा रात्री दोन खोल्या म्हणजे बारा भाडी. अगदी साध्या हॉटेलचे अडीच हजार धरले तरी ३० हजार. उरलेल्या चार हजारांत, जेथून आमची सहल सुरू होणार होती त्या योग्यकर्ता शहरापासून जावाच्या पूर्व टोकापर्यंतचा सहाशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, टोल, इंधन, चालकाचा पगार, त्याचे जेवण, ब्रोमोची जीप, फेरी, बालीतील गाडी आणि आमचे शाकाहारी जेवण बसायचे होते. शिवाय गाडी योग्यकर्ताला रिकामी परत जाणार होती आणि तो खर्चही प्रवाशावरच पडतो, हे तर माझ्या डोक्यातही आले नव्हते. दर स्वस्त नव्हता. तो अशक्य होता. उरलेल्या दोघांना मी मनात नफेखोर ठरवले होते.

पैसे घेण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. ३१ हजार आगाऊ मागितले, ते परदेशी खात्यावर नव्हे, तर पुण्यातील ‘प्रतिनिधी’च्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयने. आठ दिवसांनी निरोप आला की बोरोबुदुरवर दिवसाला फक्त १,२०० जणांना चढू देतात, जागा संपत आल्या आहेत, तिकिटांसाठी आणखी २० हजार आजच पाठवा. १,२०० ची मर्यादा त्या वेळी खरी होती, मी ती पडताळून पाहिली आणि ती खरी निघाल्यामुळेच माझा विश्वास वाढला. एक गोष्ट खरी निघाली म्हणून तिच्या आधाराने मागितलेले पैसेही खरे, असे मी कोणत्याही संस्थेच्या सचिवाला म्हणू दिले नसते. भारतात परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घ्यायचा आयकर, गोळा करावा लागतो आणि त्यासाठी तो पॅन मागतो. आमच्याकडे कोणी पॅन मागितला नाही, जीएसटीची पावती दिली नाही. ‘कर वाचला’ असे आम्ही हसून म्हटल्याचे मला आठवते.

सोमवारी संध्याकाळी विमानतळावर चालक वेळेवर हजर होता. हॉटेल स्वच्छ होते. पहिला दिवस इतका सुरळीत गेला, की मेहुण्यांनी त्या गृहस्थांना आभाराचा निरोपही पाठवला.

मंगळवारी सकाळी बोरोबुदुरच्या दारात यंत्राने आमची तिकिटे नाकारली. त्यांवर ‘विसातावान नुसांतारा’ असे छापलेले होते, म्हणजे इंडोनेशियाचे देशी पर्यटक, आणि तीही फक्त आवाराची. वास्तूवर चढण्याची नव्हती. आवाराचे देशी तिकीट तेव्हा ५०,००० रुपियाला मिळत होते. वीस हजार रुपये घेऊन त्या गृहस्थांनी जेमतेम अकराशे रुपयांची तिकिटे काढली होती. खिडकीवरील मुलीने पासपोर्ट पाहिले आणि सौम्यपणे मान हलवली. तिला असे प्रवासी नवीन नसावेत. त्या दिवशीच्या चढण्याच्या सगळ्या वेळा भरल्या होत्या. परदेशी दराने आवाराची तिकिटे पुन्हा काढून आम्ही आत गेलो आणि नवव्या शतकातील ती वास्तू खालून पाहिली. वरच्या वर्तुळाकार सज्जांवर ७२ जाळीदार स्तूप आहेत, त्यांच्या आत बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत. बहिणीने वर्षभर त्यांच्याविषयी वाचले होते आणि तिला तेथे प्रदक्षिणा घालायची होती. ती काही बोलली नाही. हिरवळीवर बसून राहिली. या सगळ्या व्यवहारातील जे नुकसान आकड्यात मांडता येत नाही, ते एवढेच.

फोनवर ते गृहस्थ अत्यंत शांत होते. ‘ताई, सिस्टिमचा घोळ आहे, परतावा मिळेल, तुम्ही पावत्या जपून ठेवा.’ प्रंबाननलाही तेच झाले. तेथे आम्ही मुकाट्याने खिडकीवर पैसे भरले. त्या ४७ मीटर उंच शिवमंदिराच्या उत्तरेकडील गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी आहे. तिच्यासमोर उभी असताना मी मनात रुपियाचे रुपये करत होते, याची आजही खंत वाटते.

बुधवारी दिवसभर प्रवास करून ब्रोमोच्या कड्यावरील गावात पोहोचलो. पहाटे तीनला आलेल्या खासगी जीपमध्ये आधीच दोन तरुण बसलेले होते. जीपवाल्याचे म्हणणे होते की त्याला सहा जणांचे भाडे ठरवून दिले आहे आणि त्यातले आमचे पैसे मिळालेलेच नाहीत. उद्यानाचे तिकीट म्हणून त्याने माणशी ३,२०,००० रुपिया मागितले. तो सुटीच्या दिवसाचा दर होता आणि तो दिवस गुरुवार होता. छापील तिकीट दाखव, मगच पैसे देईन, असे मी म्हटले आणि २,२०,००० वर तो लगेच आला. या एका जागी माझा जुना धंदा उपयोगी पडला. काळ्या वाळूचे मैदान, त्यातील तेथील तेंगेर हिंदूंचे पुरा लुहुर पोतेन हे मंदिर आणि मागे धुमसणारा डोंगर यांचे वर्णन येथे करत नाही. ते सुंदर होते आणि ते पाहताना आम्ही चौघेही चिडलेलो होतो.

खरा प्रकार गुरुवारी संध्याकाळी जावाच्या पूर्व टोकाच्या बन्युवांगीत उघडकीला आला. मध्यरात्री इजेनसाठी निघायचे होते. चालक बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला की उद्या महिन्याचा पहिला शुक्रवार आहे, त्या दिवशी इजेन पर्यटकांसाठी बंद असते. हा नियम त्या भागात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याने आमचा कार्यक्रम आखला, त्याने तो एकदाही तेथे न जाता आखला होता. मग चालकाने दुसरी गोष्ट सांगितली: त्याला फक्त दोन दिवसांचे पैसे मिळाले होते, पेट्रोल आणि टोल तो स्वतःच्या खिशातून भरत होता. त्याने फोनमधील निरोप दाखवले. आम्ही गृहस्थांना फोन लावला तेव्हा त्यांनी उरलेले ११ हजार आणि वर ‘फेरी अधिभार’ म्हणून सहा हजार मागितले. आम्ही नाही म्हटल्यावर तासाभरात नंबर बंद झाला. बन्युवांगीच्या हॉटेलात आमच्या नावाने आरक्षण नव्हते.

मेहुण्यांच्या मते चालकही सामील होता. मला तसे वाटले नाही, पण खात्रीने मी आजही सांगू शकत नाही. आम्ही त्याचे राहिलेले दिवस मोजून पैसे दिले. शुक्रवारी सकाळी जावाच्या केतापांग बंदरातून पायी प्रवाशांच्या तिकिटावर फेरीने बालीच्या गिलिमानुकला उतरलो, घड्याळे एक तास पुढे केली आणि बाली दोन दिवस आमच्या हिशेबाने पाहिली. पर्यटक कर भरल्याच्या ज्या चार पावत्या त्या गृहस्थांनी पाठवल्या होत्या, त्या मी फेरीत बसून पहिल्यांदा नीट वाचल्या. चारही पावत्यांवर एकच क्रमांक होता.

परत आल्यावर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. १९३० वर फोन जितक्या लवकर जाईल तितकी रक्कम खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही शेवटचे पैसे पाठवल्याला तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि त्या खात्यात काही उरलेले नव्हते. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांनी एक अडचण स्पष्ट सांगितली. दोन रात्रींचे हॉटेल, गाडी आणि चालक प्रत्यक्षात मिळाले असल्याने समोरचा माणूस याला फसवणूक नव्हे, तर सेवेतील त्रुटी म्हणणार. पहिला दिवस इतका सुरळीत का गेला, ते मला त्या खुर्चीवर बसून कळले. पुण्यातील खातेधारकाने आपण फक्त पैसे पुढे पाठवतो, असा जबाब दिला आहे. ५१ हजारांपैकी आम्हाला मिळालेल्या सेवेची किंमत मी १४ हजारांच्या वर धरू शकत नाही.

सप्टेंबरमध्ये आमच्याच वसाहतीतील एका कुटुंबाने मला एक कार्यक्रमपत्रिका दाखवली. संस्थेचे नाव निराळे, नंबर निराळा, दर चौघांचे ६८ हजार. बोरोबुदुर, प्रंबानन, ब्रोमो, सगळे त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत. इजेन ४ ऑक्टोबरला होते. मी दिनदर्शिका काढून त्यांच्यासमोर ठेवली. तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता.