स्मशानभूमीतल्या झाडांसाठी टाकीवरचं ठिबक: उन्हाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

लातूरकडच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. गावात टँकर चालू असताना स्मशानभूमीतल्या झाडांना पाणी मागायला जीभ रेटत नाही. पण भर मे महिन्यात, कवटी फुटेपर्यंत थांबलेली म्हातारी माणसं त्या करंजांच्या आणि कडुनिंबांच्या सावलीतच बसतात. ती सावली टिकलीच पाहिजे, म्हणून कमिटीने विजेशिवाय चालणारं ठिबक घेतलं.

पाचशे लिटरची टाकी चौथऱ्यावर आहे, जमिनीपासून साधारण दोन मीटर. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे जेमतेम ०.२ किलो. ताशी चार लिटरचा ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोटी, इथे दोन लिटरसुद्धा देत नाही. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. तरी मुरमाड जमिनीला हा संथ वेगच मानवला. पूर्वी नळी सोडली की पाणी पायवाटेवर वाहून जायचं, आता बुंध्याभोवतीच मुरतं. आळ्यात पाचट पसरल्यावर ओल आणखी टिकली. दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर मात्र घेऊ नका, एवढ्या कमी दाबावर ते नीट चालत नाहीत. साधे, उघडून धुता येणारे घ्या.

त्रास आहे तो फिल्टरचा. टँकरच्या पाण्यातला गाळ जाळीवर बसला की आधीच कमी असलेला दाब संपतो आणि शेवटची झाडं कोरडी राहतात. जाळी दर भरणीला धुवायची आणि नळ्यांची टोकं सोडून गाळ काढायचा, याला पर्याय नाही. बोअरच्या क्षाराने ड्रिपर बुजतात ते वेगळंच. नळ्या खारुताया कुरतडतात, जोडण्या जास्तीच्या आणून ठेवा.

हातपाय धुतलेलं पाणी टाकीत घ्यावं, असं काहींचं म्हणणं होतं. मी ठाम विरोध केला. दशक्रियेनंतर त्यात साबण आणि केस असतात, सगळी लाइन तुंबेल. ते पाणी आम्ही गोट्यांच्या खड्ड्यातून थेट पिंपळाकडे वळवलं आणि नळांना दाबून सोडायच्या तोट्या बसवल्या. राख मात्र आळ्यात टाकू देत नाही. लाकडाची राख अल्कधर्मी असते, त्यात आमचं पाणी आधीच क्षारांचं.

लॉन वाळू दिलं. त्यावर बैठकीत बरंच बोलणं झालं, पण टंचाईत हिरवळीला पाणी देणं मला पटत नाही. नव्या रोपांना ठिबकापेक्षा शेजारी पुरलेलं कच्चं मडकं बरं पडलं: एकदा भरलं की हळूहळू पाझरत राहतं, आणि दिवसावर आलेले पाहुणेसुद्धा हौसेने भरून जातात.

जागा सपाट किंवा टाकीकडून उतरती असेल तर जरूर घ्या. झाडं चढावर असतील तर एवढ्या उंचीवरून पाणी पोहोचणार नाही. आधी चौथरा उंच बांधा, मगच नळ्या विकत आणा.