सापांचा रॅक: घरी ठोकावा की तयार घ्यावा?

दोन माद्या आणि एक नर एवढाच बॉल पायथनचा, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या छोट्या आफ्रिकी अजगराचा, संसार असेल तर रॅकच्या, म्हणजे सापांचे टब ठेवायच्या खणांच्या कपाटाच्या, भानगडीत पडू नका. तीन ऐसपैस पेट्या घ्या, दडायला जागा द्या, एखादी फांदी टाका. हा साप जमिनीवरचा म्हणून ओळखला जातो, पण फांदी मिळाली की रात्री चढतो. रॅकमधल्या बुटक्या टबात त्याला हे करता येत नाही, आणि साप कोंडला जातो ही रॅकवर होणारी टीका मला इथे पटते.

पहिली अंडी उबवणीत गेली की हिशेब बदलतो. एका मादीची साधारण सहा अंडी, पंचावन्न-साठ दिवसांनी तेवढी पिल्लं, आणि प्रत्येकाला वेगळं घर. मग रॅक लागतोच. कपाटासारखी चौकट, खणाखणांत सरकणारे प्लॅस्टिकचे टब, आणि वरची फळी हेच खालच्या टबाचं झाकण.

हे सगळं मी अमेरिकेतल्या, न्यू जर्सीतल्या तळघरातून सांगतोय. भारतात नाग, धामण, अजगर यांना पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२२च्या दुरुस्तीनंतर सक्तीची झाली आहे, आणि त्यांच्या पिल्लांचीही नोंद करावी लागते. तिथे सुतारकामाच्या आधी कागद.

आता पर्याय. घरी करणारे बहुतेक जण मेलामाइनचा पत्रा घेतात, म्हणजे भुशाच्या फळीवर गुळगुळीत पांढरा थर. स्वस्त, पुसायला सोपा, उष्णता धरून ठेवतो. पण कापलेल्या कडेला पाणी लागलं की तो पोळीसारखा फुगतो. मग खण आक्रसतात आणि टब अडकतात. प्रत्येक कडेला पट्टी चिकटवून सिलिकॉन भरलं तर वर्षानुवर्षं टिकतो. दुसरी अडचण वजनाची. चार बाय आठ फुटांचा पाऊण इंची पत्रा एकट्याने उचलवत नाही. दर दोन वर्षांनी नोकरीमागे शहर बदलणाऱ्या आपल्या मंडळींनी हे आधीच लक्षात घ्यावं. मी माझा पहिला रॅक दुसऱ्या मजल्यावरून उतरवला, तेव्हा मदतीला आलेले मित्र नंतर महिनाभर फोन उचलत नव्हते.

तयार पीव्हीसीचा बंद रॅक हलका असतो आणि पाण्याला दाद देत नाही. महाग आहे, आणि मागणी नोंदवून थांबावं लागतं. धातूची उघडी चौकट दणकट असते, पण ती ऊब धरत नाही. ह्यूस्टनसारख्या ठिकाणी, जिथे खोलीच उबदार असते, तिथे ती उत्तम. माझं तळघर जानेवारीत अठरा अंश सेल्सिअसवर येतं. तिथे उघडी चौकट घेणं म्हणजे अख्खी खोली तापवणं.

घरी करायचं ठरलं तर आधी टब विकत घ्या, फळ्या नंतर कापा. टब वर रुंद आणि तळाशी अरुंद असतात, म्हणून माप काठाशी घ्यायचं. दोन फळ्यांमधलं अंतर ठरवताना टबच मध्ये ठेवायचा आणि काठावर पत्त्यांमधलं एक पान. तेवढीच फट. कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीएवढंही जाड नसतं, त्याला थोडी जास्त फट मिळाली तर सकाळी ते भिंतीत. चार-पाच टब जास्तीचे घेऊन ठेवा. कंपनीने साचा बदलला की रॅक शाबूत आणि टब मिळेनात, अशी गत होते. तयार रॅकचं खरं मोल मला इथे दिसतं, कारण त्याचे टब त्याच्याच मापाचे मिळतात.

पैसे वाचवायचे तर लाकडात वाचवा, तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये नको. उष्णतेची पट्टी टबाच्या मागच्या तिसऱ्या हिश्शाखाली बसवतात. फळीत राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, खाच पाडून ती आत घेतली तर टब घासत नाही. तिथे ३१ ते ३३ अंश, पुढे २५ ते २७. स्वस्त थर्मोस्टॅट फक्त चालू-बंद करतो, आणि त्याचा रिले, म्हणजे आतला विजेचा खटका, चालू स्थितीत चिकटला की एका पट्टीवरचे सगळे साप एकदम भाजतात. प्रपोर्शनल थर्मोस्टॅट वीज कमी-जास्त करत राहतो. पण तोही प्रोबच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरच्या टोकाच्या, भरवशावर. एकदा टब ओढताना माझा प्रोब निसटून फरशीवर पडला. यंत्राला वाटलं गारठा आहे. संध्याकाळी टबांचे तळ हाताला चटका देत होते. साप पुढच्या कोपऱ्यात गोळा झाले होते म्हणून वाचले. तेव्हापासून प्रोब पट्टीवर चिकटवलेला, आणि मध्ये दुसरा थर्मोस्टॅट, दोन अंश वर लावलेला, फक्त वीज तोडण्यासाठी.

माझा कौल सांगतो. मोठ्या माद्यांसाठी तयार पीव्हीसी. पिल्लांचा रॅक मात्र घरी करा. तो लहान असतो, बुटांच्या डब्याएवढे टब लागतात, आणि चूक झाली तर एखादाच पत्रा वाया जातो. भाड्याच्या घरात असाल तर दोन्ही तयारच घ्या, आणि त्याआधी करारातलं पाळीव प्राण्यांचं कलम वाचा.

कुठलाही घेतला तरी तीन-चार दिवस रिकामाच चालवा, सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या टबात तापमापक ठेवून. माझ्याकडे दोन्हींत दोन अंशांचा फरक निघाला. वरचा खण तेव्हापासून अंड्यावर आलेल्या मादीचा आहे.