स्वतःचा घोडा नाही, तरी रिकिबीतला पाय सुटू नये: पुण्यातल्या स्वारापुढचे पर्याय

मोठेपणी घोडेस्वारी शिकायला लागलेल्या माणसाचे पहिले काही महिने झकास जातात. गजर व्हायच्या आधीच जाग येते, दुडकीत उठबस जमायला लागते, एके दिवशी पहिला कँटरही (दुडकीहून वेगाची चाल) होतो. आणि मग इथेच घोडं पेंड खातं. दर रविवारी तेच रिंगण, कधी हा घोडा तर कधी तो, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःचा घोडा असलेल्यांचे फोटो. मनात दोनच गोष्टी घोळत राहतात: घोडा घेऊन टाकावा, किंवा हे सगळं सोडून द्यावं. या दोन्हींच्या मधे बरंच काही आहे.

आधी घोडा घेण्याचं बघू. साधारण 450 किलोच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. दर 6 ते 8 आठवड्यांनी नालबंद, शिवाय मोतद्दाराचा, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याचा पगार, लसी आणि जागेचं भाडं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे त्याचा पोटशूळ कोणी किरकोळ धरत नाही. रात्री दोन वाजता उठला तरी पशुवैद्याला फोन करावाच लागतो. नोकरी हिंजवडीत आणि पागा शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर घोडा तुमच्या नावावर राहील आणि ओळखेल मोतद्दाराला. ज्याला आठवड्याचे पाच दिवस देता येत नाहीत त्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे असले तरी.

आणि बिनघोड्याचा स्वार म्हणजे कमअस्सल, हा न्यूनगंड निदान पुण्यात तरी शोभत नाही. शिवकाळात शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगिराचा सरकारी पागेतला. जोर होता तो पागेचाच, आणि शिलेदार तिच्या अमलाखाली असत. आजचं बघायचं तर फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या प्रकारात अंतिम फेरीपर्यंत जाऊन 23वा आला, तो सेन्योर मेडिकॉट घोडाही त्याच्या मालकीचा नव्हता, प्रायोजकाचा होता.

वर्ग की शेअर?

खरी निवड या दोघांत आहे: शाळेचा वर्ग, की दुसऱ्याच्या घोड्यात वाटा. रायडिंग स्कूलच्या वर्गात घोडा शाळेचा, वेळ ठरलेली, शिक्षक समोर. तक्रार एकच असते: ‘दर वेळी वेगळा घोडा देतात, सूर जुळत नाही.’ मला तर यातच फायदा दिसतो. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत 2024च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत घोडेस्वारी होती. तिथे घोडा चिठ्ठी टाकून मिळायचा आणि त्याची ओळख करून घ्यायला जेमतेम 20 मिनिटं. एक घोडा टाच लावताच निघतो, दुसरा फाटकाजवळ आला की मंदावतो, तिसरा लगामावर रेलतो. तिघांनाही नीट चालवता येणं हेच कसब.

पण शाळेच्या घोड्यांची एक खोड असते. शिक्षकाने ‘ट्रॉट’ (दुडकी) म्हटलं की ते तुमच्या पायाची वाट न बघता सुटतात. तुम्हाला वाटतं, आपल्याला जमलं! अशा वर्गात वर्षभर बसूनही माणूस प्रवासीच राहतो, आणि कंटाळा येतो तो त्याचा. उपाय सोपा आहे. शिक्षकांना सांगा की हुकूम मला हळूच द्या, किंवा मीच ठरवतो कुठल्या खांबापाशी चाल बदलायची. प्रत्येक तासाला एकच छोटं काम घ्या: आज फक्त वीस मीटरचं वर्तुळ खरंच गोल काढायचं. अंडाकृती निघतं, हे पहिल्याच दिवशी कळेल.

शेअर म्हणजे मालकाला रोज जमत नाही, म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस घोडा तुम्ही फिरवायचा आणि खर्चाचा वाटा उचलायचा. हे बहुतेक ओळखीतूनच जमतं. एकाच जनावराची सवय होते, त्याचे कान बघून मूड कळायला लागतो आणि प्रगती झपाट्याने होते. पण घोडा लंगडला की तुमचं सगळंच थांबतं, आणि मालकाने विकला तर ‘माझाही जीव होता त्यात’ म्हणायची सोय नाही. म्हणून लंगडेपणात पैसे कोण भरणार, उडी चालेल का, तुमच्या दिवशी दुसरं कोणी बसणार का, हे लिहून घ्या. कँटरमध्ये लगामाला लटकत असाल, तर शेअरचं नावही काढू नका. घोड्याचं तोंड बिघडवाल.

पागेतला एक तास

दोन्हींपेक्षा स्वस्त, आणि हुरूप टिकवायला माझ्या मते सर्वांत उपयोगी. वर्गाच्या आधी एक तास लवकर जा आणि मोतद्दाराला विचारून खरारा करा. पायावरून हात खाली सरकवत नेला की घोडा खूर उचलतो; टाचेकडून पुढे अणीकडे माती काढायची, मधला मऊ त्रिकोणी भाग सांभाळून. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना काही बेरकी घोडे पोट फुगवून ठेवतात, म्हणून चार पावलं चालवून पुन्हा आवळायचा. हे एकदा हाताला लागलं की रद्द झालेला वर्गही फुकट गेला असं वाटत नाही.

पावसाळ्यात याचाच आधार असतो. जून ते सप्टेंबर रिंगणात चिखल होतो आणि वर्ग रद्द होतात. याच दिवसांत पुण्यात रेसचा हंगाम असतो. पैज लावायची नसली तरी पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या कठड्याशी उभं राहून घोड्यांची चाल बघा: मागचा खूर पुढच्याच्या ठशावर पडतो, की पुढे जातो? बाकी पायांत ताकद हवी तर पर्वती आहेच.

माथेरान-महाबळेश्वरची रपेट यात धरू नका. मजा आहे, पण तिथला घोडा वाट पाठ म्हणतो. चार महिने खोगिरावर बसला नसाल तर हात मोकळा करायला ठीक. कॉलेजात असाल, तर मात्र एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी (घोड्यांशी संबंधित) तुकडीची चौकशी आधी करा.

नोकरी करणाऱ्याने पहिलं वर्ष आठवड्याला एक वर्ग अधिक पागेतला तास असं धरावं आणि शेअरचा विचार त्यानंतर करावा. कुठेही पैसे भरण्याआधी एक सकाळ नुसतं जाऊन उभं राहा. तंगाखाली जखमा आहेत का, पाण्याची भांडी भरलेली आहेत का, एकच घोडा लागोपाठ किती तास चालवतात. फीचं विचारायचं ते हे बघून झाल्यावर.