नागिणीचं दुखणं: सुया, पट्ट्या, गोळ्या आणि माझे आठ महिने

आधीच सांगून टाकते, ॲक्युपंक्चरने माझं नागिणीचं दुखणं गेलं नाही. तरीही बारा वेळा सुया टोचून घेतल्या आणि उद्या वेळ आली तर पुन्हा घेईन.

सुरुवातीला पुरळ नव्हतंच. डाव्या बगलेखालून पाठीपर्यंत दोन दिवस नुसतं भाजत होतं. लचक भरली असेल म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसले. मग पाण्याने भरलेले बारीक फोड आले, तेही शेकण्यानेच आले असं समजून आणखी तीन दिवस घालवले. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझा चौथा दिवस चालू होता. नवे फोड अजून येत होते म्हणून व्हॅलासायक्लोव्हिर दिलंच, दिवसातून तीनदा, सात दिवस. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि कित्येक वर्षांनी त्याच तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. पट्टा एकाच बाजूला उठतो तो म्हणून.

खपल्या तीन आठवड्यांत पडल्या, दुखणं तिथंच. तेही एक नव्हतं, तीन होती: सतत चालणारी आग, मधूनच सुरी खुपसल्यासारखी कळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्पर्श. पंख्याचा वारा लागला तरी अंग चोरायचे. ब्रा तीन महिने बंद. मऊ सुती बनियन घालायचे, तोही उलटा, शिवण बाहेर ठेवून. रोज रात्री वहीत तिन्ही दुखण्यांना 0 ते 10 मधला आकडा द्यायचे. ही वेगवेगळी मोजली नसती तर कुठल्या उपायाने काय झालं ते मला कधीच कळलं नसतं.

तीन महिन्यांनंतरही दुखत राहिलं तेव्हा त्याला पोस्टहर्पेटिक न्युराल्जिया असं भारदस्त नाव मिळालं आणि मज्जातंतूच्या दुखण्यावरचं औषध, प्रीगाबालिन, सुरू झालं. आग 8 वरून 5 वर आली. पण चक्कर यायची आणि शब्द सापडेनासे झाले. एकदा किल्लीला मी ‘ते, कुलपाचं’ म्हणाले आणि घरचे घाबरले. डोस कमी करून रात्री 10 मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन जोडलं. तोंड कोरडं पडतं, पण डोकं ताळ्यावर आलं. ही औषधं आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात, हळूहळूच उतरवतात.

स्पर्शाच्या दुखण्यावर मात्र लिडोकेनच्या, म्हणजे बधीर करणाऱ्या औषधाच्या, 5 टक्क्यांच्या पट्टीसारखं दुसरं काही नाही. बारा तास लावायची, बारा तास काढून ठेवायची, आणि फोड पूर्ण भरल्यावरच. मागचा कागद सोलायच्या आधी कात्रीने हवी तशी कापता येते. आतल्या कळेवर तिचा काही उपयोग नाही. मिरचीतल्या तिखट घटकाचं, कॅप्सेसिनचं मलम मी आठच दिवस वापरलं. लावलं, हात धुतले असं वाटलं, आणि तासाभराने डोळा चोळला. पुढची कहाणी सांगायला नको. वापरणार असाल तर हातमोजे घाला. कातडीवर सौम्य वीज सोडणारं बॅटरीवरचं टेन्स यंत्र चालू असेपर्यंत बरं वाटायचं, बंद केलं की संपलं.

आता सुया. दुखऱ्या जागेवरच टोचतील या धास्तीने मी चौथा महिना उजाडेपर्यंत टाळत होते. तसं झालं नाही. पट्ट्याच्या कडेकडेने, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, शिवाय हातापायांवर. सुई केसापेक्षा थोडी जाड. बारीक नळीतून ठेवून वर टिचकी मारतात. टोचलेलं जेमतेम कळतं. मग आत जडपणा येतो, कुणी अंगठा दाबून धरल्यासारखा. पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं. काही सुयांना सौम्य वीजही जोडायचे, तेव्हा स्नायू फडफडायचा.

पहिल्या तीन वेळांत एक निळा डाग सोडता काही मिळालं नाही. चौथ्या वेळी रात्री जी झोपले ती पहाटे पाचलाच उठले. वही सांगते की कळ 6 वरून 4 वर यायची, हा उतार दोन दिवस टिकायचा, तिसऱ्या दिवशी कळ परत. स्पर्शावर शून्य परिणाम. बारा झाल्यावर मुद्दाम चार आठवडे थांबले. आकडे चढले नाहीत, सावकाश उतरतच राहिले. म्हणजे गुण सुयांचा की दिवसांचा? बहुतेकांचं हे दुखणं महिन्यागणिक आपणहून ओसरतं, आणि सुयांवर झालेले बरेचसे अभ्यास छोटे आणि कच्चे आहेत. शांत पडून राहण्याचाही वाटा असेल. मला त्या दोन रात्रींची झोप हवी होती, ती मिळाली.

आधी गाठलेल्या एका उपचारकाने ‘सगळ्या गोळ्या बंद करा, मगच सुया लावतो’ असं सांगितलं होतं. तिथून मी चप्पल घालून निघाले. सुई एकदाच वापरायची, निर्जंतुक हवी. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा.

आज आग 2, कळ आठवड्यातून एखादी. प्रीगाबालिन सुटलं, रात्रीची गोळी चालू आहे. माझं पाहून पन्नाशी ओलांडलेल्या धाकट्या बहिणीने लस घेतली. दोन डोस असतात, मध्ये दोन ते सहा महिने. पहिल्या डोसनंतर तिचा दंड दोन दिवस ठणकला, कणकण आली, आणि तिने मला फोन करून बरंच सुनावलं. मी तिला वहीचं पहिलं पान वाचून दाखवलं.