आल्बाराथीन: लाल गिलाव्याचं गाव

स्पेनमधल्या तेरुएल शहराहून गाडीने आल्बाराथीनला निघालो तेव्हा वाटलं होतं, दोन तासांत गाव बघून परत फिरू. शेवटी रात्रीचा मुक्काम केला. तुम्हीही मुक्कामाच्या तयारीनेच जा.

वस्ती जेमतेम हजाराची. खाली ग्वादालाव्हियार नदीचं वळण, वर कड्याला बिलगलेली घरं. नाव पडलं बनू राझीन या बेर्बर, म्हणजे मूळच्या उत्तर आफ्रिकेतल्या, घराण्यावरून. 12व्या शतकात आथाग्रा घराणं आलं. ते स्वतःला कुठल्या राजाचे नव्हे, सांता मारियाचे, म्हणजे येशूच्या आईचे, मांडलिक म्हणवायचे. हा ताठा मला फार आवडला.

गाइडबरोबरची पायी फेरी घेतली. बाई फक्त स्पॅनिश बोलत होत्या, त्यामुळे निम्मा इतिहास माझ्या डोक्यावरून गेला. बुकिंग करताना भाषेचं कुणीच सांगितलं नव्हतं, ते सांगायला हवं होतं. तरी फेरी घ्याच, कारण बाईंनी 'कासा दे ला हुलियानेता' या घरासमोर आम्हाला चांगलं वीस मिनिटं थांबवलं.

दोन गल्ल्यांच्या बेचक्यात ते घर कललेलं उभं आहे. लाकडी सांगाडा, मध्ये भराव, वर इथल्याच जिप्समचा लालसर गिलावा. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. माझी तीस वर्षं बांधकामावर गेली, म्हणून भिंतीला हात लावल्याशिवाय राहवेना. पृष्ठभाग खडबडीत, मध्येच पांढरे बारीक खडे, कडा हाताने गोल केलेल्या. ओळंबा लावला तर एकही भिंत पास होणार नाही, आणि तरी घर उभं आहे! गावाला 1961 मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून डागडुजी या रंगाला धरूनच होत आली, हे गल्लोगल्ली दिसतं.

दारांवरच्या सरड्याच्या आकाराच्या लोखंडी कड्या जरूर बघा. आंदादोर बुरुजापर्यंतची चढण गुडघ्यांना जड जाते, बूट चांगले हवेत. जेवण ठीक. शाकाहारी असाल तर मिगास (परतलेल्या पावाच्या चुऱ्याचा पदार्थ) मागवण्याआधी विचारा, त्यात बहुतेक वेळा मांस असतं.

सकाळी निघायच्या आधी पुन्हा त्या घरापाशी गेलो. पलीकडच्या गल्लीत एक गवंडी घमेल्यात तोच लाल गिलावा कालवत होता, एका वेळी दोन-तीन थाप्यांपुरताच. जिप्सम लगेच धरतं ना! मी हात वर केला, त्याने थापी वर केली.