शिकारी प्राण्यांच्या आहाराच्या अभ्यासासाठी फोल्डस्कोप

बिबट्याने काय खाल्ले हे त्याच्या विष्ठेतील केसांवरून ओळखता येते, कारण भक्ष्याचे केस पचत नाहीत. परंतु त्यासाठी लागणारा प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक अनेक शाळांना आणि हौशी अभ्यासकांना परवडत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी विकसित केलेला, कागदाच्या घड्या घालून जोडायचा फोल्डस्कोप ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतो.

त्याचे भिंग 140 पट मोठी प्रतिमा दाखवते आणि नेहमीची काचपट्टी त्यात बसते. विष्ठा चाळणीत धुऊन, केस वाळवून आणि अल्कोहोलने स्वच्छ करून काचपट्टीवर ठेवले, की केसाच्या गाभ्याची रचना उत्तम दिसते. हरणवर्गीय प्राण्यांत हा गाभा केसाची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो आणि मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो, तर सशाच्या केसात कप्प्यांच्या समांतर ओळी आढळतात. पट्टी हातानेच सरकवायची असल्याने सवय होईपर्यंत संयम ठेवावा लागतो. चुंबकाच्या साह्याने उपकरण मोबाइलला जोडून छायाचित्रे घेता येतात, आणि तुलनेसाठी तीच सर्वाधिक उपयोगी पडतात. गावातील कुत्रा, मांजर, शेळी यांच्या केसांच्या संदर्भपट्ट्या मात्र आधी स्वतः तयार कराव्यात. त्यांच्याशिवाय केलेली ओळख मी ग्राह्य धरणार नाही.

काय खाल्ले एवढेच हे उपकरण सांगते. आवड ठरवण्यासाठी परिसरात काय उपलब्ध होते याचीही गणना हवी. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या अभ्यासात भक्ष्याच्या एकूण वजनापैकी 39 टक्के वाटा कुत्र्यांचा आणि 11 टक्के शेळ्यांचा निघाला, आणि शेळ्यांची संख्या तर कुत्र्यांच्या सुमारे सातपट होती. ही गणना नसती, तर कुत्र्यांकडे असलेला कल इतका ठळकपणे कळलाच नसता. शिवाय लहान भक्ष्यात मांसाच्या मानाने केस अधिक असल्याने, किती विष्ठांमध्ये कोणाचे केस सापडले एवढेच मोजल्यास लहान प्राण्यांचे महत्त्व फुगते, म्हणून भक्ष्याच्या वजनानुसार आकडे दुरुस्त करावेच लागतात.

या मर्यादा लक्षात घेऊनही शाळांनी आणि निसर्गमंडळांनी फोल्डस्कोप अवश्य घ्यावा, असे मला मनापासून वाटते. सोबत हातमोजे आणि मुखपट्टी घ्यावी, कारण विष्ठेतून परजीवींचा संसर्ग होऊ शकतो. आणि जंगलातून नमुने गोळा करण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी.